रंगाखालचे जोड

बसण्याआधी शटलराव खुर्ची हलवून बघत. माझ्या ऑफिसातलीसुद्धा. "ताई, खुर्चीवर राग नाही, पण विचारून बसावं," म्हणत. दुबईत अल क्वोजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मुलांच्या पार्कांसाठी झुले आणि पाळणे बनत. चिपळूणचे हे इंजिनिअर तिथे सुपरवायझर होते. ऑफिस आणि व्हिसाची कामं माझ्याकडे.

नाव पडलं ते चॅलेंजर या स्पेस शटलमुळे. "ते यान उडायला बांधलंच नव्हतं, ताई. ताण देऊन बघायचा सांगाडा तो. मग त्यालाच अवकाशात धाडलं." चहाच्या प्रत्येक कपाबरोबर हे ऐकावं लागे. आम्ही कंटाळलो होतो.

मग एका पार्कासाठी शटलच्या आकाराचा मोठा झुला बनवायचं काम आलं. शटलरावांनी आधी चाचणीचा सांगाडा केला, त्यात वाळूची पोती भरली आणि आठवडाभर तो निर्दयपणे हलवला. खरा झुला नंतर बनणार होता. पण पोलाद बंदरात अडकलं आणि ईद तोंडावर आली.

"यल्ला, चला शटलराव, हाच रंगवा. दिवे लावा, खलास," मालक सावंतशेठ म्हणाले. "तुमच्या अमेरिकेनं तेच केलं ना?"

"केलं, शेठ. पण आधी पंख उतरवले, आतलं उघडलं, मजबूत केलं. मीही उघडतो."

"आणि शेवटी ते फुटलंच की!"

"ते वेगळ्या कारणानं, शेठ."

त्यांनी उघडलाच. आत दोन जोडांना केसाएवढ्या भेगा होत्या. जोड कापून नवे घालून झुला उभा राहिला, तोवर ईद होऊन गेली. शेठनी भेगा बघितल्या होत्या. "रंगाखाली कुणाला दिसणार होत्या?" एवढंच बोलले. शटलरावांचा व्हिसा रिन्यू करायचा नाही, हे शेठनी मला दुपारी जेवता जेवता सांगितलं.

शटलरावांची बायको आणि लेक पुढच्या महिन्यात यायच्या होत्या. शारजात घर घेऊन झालं होतं, पडदेही लागले होते. निघताना शटलराव ते पडदे घेऊन माझ्याकडे आले. "तुम्ही लावा, ताई. रंग लेकीनं फोनवर सांगितला होता." माझ्या खिडकीला ते आखूड झाले. टॅक्सीचं दार त्यांनी दोनदा ओढून बघितलं आणि मगच बसले.

झुला वर्षानुवर्षं चालला. काही झालं नाही. "बघा, उगाच आमची ईद घालवली माणसानं," शेठ येईल त्याला सांगत. एकदा मी माझ्या मुलाला तिथे नेलं. बसवण्याआधी दांडा हलवून बघितला. मुलगा उतरला तो तोंड वाकडं करूनच.

"मम्मा, सो बोअरिंग. इट डझन्ट इव्हन शेक."