गुणाजी परबाचा तळहात

लालबागच्या चिवडा गल्लीमागे दौलतशेठचं गॅरेज होतं आणि त्या गॅरेजात कायदा एकच. गाडी दुरुस्त झाली की नाही, ते दौलतशेठचा कान ठरवणार. ते डोळे मिटायचे, मान तिरकी करायचे, नाकपुड्या फुगवायचे आणि वैद्याने नाडी बघावी तसे म्हणायचे, "रडतेय... रडतेय रे... अजून रडतेय!" मग ज्याने त्या गाडीचा गिअर बसवलेला असेल त्याची रडायची पाळी.

अशा माणसाकडे गुणाजी परब कामाला लागला होता, आणि गुणाजीला ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरा नव्हे. पण गिरणीच्या साचेखात्यात त्याची वीस वर्षं गेली होती, साचे जुळवण्यात. तिथे कापड विणणारे चारशे साचे एकदम खडाखडा चालायचे, आणि जो तो दुसऱ्याचे ओठ वाचून बोलायचा. मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम येतोय, बोटं ओठाशी नेली की चहाला चल. गिरणीत सगळेच बहिरे, म्हणून कोणीच बहिरा नव्हता. ब्याऐंशीत संप झाला, साचे थांबले, आणि गुणाजी बाहेरच्या जगात आला. इथे माणसं पाठ फिरवून काय बोलतात, तोंडात पान धरून काय बोलतात! दोन गॅरेजांनी त्याला आठवड्याच्या आत घरी धाडलं. "काका, हाका मारून घसा बसला आमचा." म्हणून या तिसऱ्या ठिकाणी त्याने सांगितलंच नाही. दौलतशेठ बोलायला लागले की तो अदबीने त्यांच्या तोंडाकडे बघत राही. शेठना वाटे, काय आज्ञाधारक माणूस आहे!

बायको शेवंती जेवताना त्याच्या समोर बसायची, घास गिळून मगच बोलायची.

"सांगून टाका हो शेठाक."

"सांगलंय तर तो माका ठेवतलो?"

"नाय सांगलात तरी कधीतरी कळतलाच."

यावर गुणाजी ताटात बघायचा. ताटात बघितलं की ऐकू येत नाही, ही सोय होती.

त्र्याऐंशीच्या श्रावणात वरळी कोळीवाड्यातून जाईबाई आल्या. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप त्यांच्याकडे होती. तिने वाळूतून होड्या ओढायच्या, पाण्यात लोटायच्या, जाळी वाहायची. जाईबाईंचा आवाज मासळीबाजारात कमावलेला.

"ओ शेठ! माजी जीप मागून कन्हते! नारली पुनवेच्या आदी पायजे मना! तीन होड्या पान्यान लोटायच्या हायेत!"

समोरच्या दुकानातला चिवडेवाला दचकला. गुणाजी मात्र खुलला. महिनाभरात पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाचा शब्दन् शब्द त्याच्या कानात पडला होता.

दौलतशेठ त्याच्याकडे वळले. "गुणाजी, महिना झाला तुला. मागचा डिफरन्शियल उघड, क्राउन-पिनियन बदल. माझ्या कानाला पास झालं तर तू कायम. रडलं, तर दुसरीकडे बघ बाबा."

हे सगळं गुणाजीने ओठांवरून नीट वाचलं. नसतं वाचता आलं तर बरं, असं वाटण्याइतकं नीट.

मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा उघडला तर तेलाच्या जागी चहा निघाला. समुद्राचं खारं पाणी शिरून तेल दुधाळ झालेलं, क्राउनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, दात कुरतडलेले. शेठनी भंगार बाजारातून दुसरी जोडी आणवली. गुणाजीने खडूने एका दातावर खूण केली आणि बोटाने मोजत गेला. जुन्या क्राउनला त्रेचाळीस, या नव्याला एकोणचाळीस.

"परत धाडा, शेठ."

"का? सारखंच तर दिसतंय!"

"ही जीप चारी चाकांनी ओढते. पुढच्यांचं गणित एक आणि मागच्यांचं दुसरं झालं, तर दोघं आपापसात भांडतील."

दुसरी जोडी आली, त्रेचाळीसची. मग गुणाजी पूजेच्या सामानाच्या दुकानात गेला नि शेंदूर मागितला.

"कुठल्या मारुतीला?" दुकानदाराने विचारलं.

"वरळीच्या. चार चाकांच्या."

तेलात कालवलेला शेंदूर त्याने क्राउनच्या दातांना लावला आणि गिअर हाताने फिरवला. पिनियनचं छोटं चाक जिथे घासेल तिथला शेंदूर पुसला जातो. पुसल्याचा डाग दाताच्या टोकाला पडला, म्हणजे पिनियन लांब आहे. पत्र्याची एक पातळ चकती घातली. आता डाग मुळाशी गेला, म्हणजे जास्त आत शिरलं. चकती काढली, त्याहून पातळ घातली. दोन दिवस हेच चाललं. शेवटी डाग दाताच्या बरोबर मधोमध बसला, कपाळावर कुंकू बसावं तसा. गुणाजीने तो बराच वेळ बघितला. त्याच्या परीने जीप पास झाली होती.

पौर्णिमेला दोन दिवस होते. ट्रायल म्हणून जीप थेट कोळीवाड्यापर्यंत न्यायची ठरली. दौलतशेठ चालवायला, शेजारी जाईबाई, मागे गुणाजी. करी रोडचा पूल उतरून लोअर परळच्या बंद गिरण्यांपुढून जीप निघाली. गुणाजीने एक तळहात मागच्या पत्र्यावर, डिफरन्शियलच्या वर टेकवला. साचा बिघडला की साचेखात्यातली माणसं असाच हात टेकवायची. दुसऱ्या हाताने पुढच्या सीटचा दांडा धरला.

वरळी नाक्याला जीप उजवीकडे वळली आणि दौलतशेठची मान तिरकी झाली.

"रडतेय. गुणाजी, ऐकतोयस?"

मागून उत्तर नाही.

"अरे, रडतेय ना? काय बसवलंस तू?"

शेठनी स्टिअरिंगवर हात आपटला.

"गुणाजी!"

जाईबाईंनी वळून बघितलं. गुणाजी आपल्या हाताकडे बघत होता, अगदी शांत.

"अगो बाय!" जाईबाई ओरडल्या, "ह्याला आयकूच येत नाय!"

ते मात्र गुणाजीला लख्ख ऐकू आलं.

शेठनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद करून मागे वळले. त्यांचा चेहरा वाचायला ओठांची गरज नव्हती.

"खरं आहे?"

"खरं आहे, शेठ." गुणाजी म्हणाला. नोकरी गेलीच होती, तर मग बोलून टाकावं. "पण मागचा गिअर रडत नाही. मागचा हात माझा गप्प आहे. पुढचा हात थरथरतो, तो फक्त उजवीकडे वळताना. डाव्या बाजूला भार आला की. पुढचं डावं चाक बघा."

"मला शिकवतोस? माझ्या कानाला..."

"जॅक लावा ना शेठ!" जाईबाई गरजल्या. "जॅकला काय कान लागतंत?"

जॅक लागला. दौलतशेठनी स्वतः चाक धरून हलवलं. ते दुधाच्या दातासारखं डुगडुगलं. फिरवलं तर आत वाळू भरडल्यासारखी करकर त्यांच्या मनगटापर्यंत आली. चाकाच्या बेअरिंगने बऱ्याच भरत्या प्यायल्या होत्या. गुणाजीने त्याला हातही लावला नव्हता, कारण ते काम त्याला सांगितलंच नव्हतं.

शेठ उठले, हात पुसले, आणि मुद्दाम वळसा घालून गुणाजीच्या समोर येऊन उभे राहिले.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ही जीप मला दिली असतीत?"

दौलतशेठनी विचार केला. "नसती दिली," ते म्हणाले. मग जॅकचा दांडा गुणाजीच्या हातात देत, "उद्यापासून कायम. बेअरिंगही तूच बदल. परवाच्या आत."

"आनि शेठ, आता मागं तुमी बसा!" जाईबाई म्हणाल्या.

परत येताना खरोखरच गुणाजी हळूहळू जीप चालवत होता आणि शेठ मागे बसले होते. त्यांनी एक तळहात पत्र्यावर टेकला, दुसऱ्याने दांडा धरला, डोळे मिटले, मान तिरकी केली, नाकपुड्या फुगवल्या.

"काही कळत नाही रे मला!" करी रोडच्या पुलावर ते ओरडले.

पण ते मागे होते, आणि गुणाजी पुढे बघत होता.