सासूच्या घराकडे निघालेलं विमान

नाकान्दाकारी सैतोकू ओकिनावाच्या दक्षिणेला बेटाबेटांमधून नऊ जणांचं विमान उडवायचे. त्यातून आज्ज्या जायच्या, कारल्यांच्या पेट्या जायच्या, दातांच्या डॉक्टरकडे निघालेली रडकी पोरं जायची. बेटावर सगळे त्यांना सैतोकू-नीनी म्हणत. नीनी म्हणजे दादा. साठी उलटली तरी या दादाचा काका काही झाला नव्हता.

उड्डाणाआधी जीपीएस लावणं हा त्यांचा रोजचा प्रयोग. रिवाज असा की एकेका गोष्टीकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. ‘तारीख, ठीक. उपग्रह, ठीक. जागा, ठीक. वेग शून्य, ठीक.’ जपानात आगगाडीचे चालकही तेच करतात, पण सैतोकूंचं बोट नाटकातल्या राजासारखं उठायचं. मागच्या आज्ज्या कौतुकानं माना डोलवायच्या. झालं इतकंच होतं, की इतक्या वर्षांत कामावर बोट आणि जीभ दोघंच यायला लागली होती, डोळे घरी राहत होते. आपण पोराला दारातून विचारतो, ‘डबा घेतलास?’ तो दप्तराकडे न बघता ‘हो’ म्हणतो, आणि डबा ओट्यावरच असतो. तसलंच ते ‘ठीक’.

दरवर्षी परीक्षक येऊन सैतोकूंच्या शेजारी बसे. यंदा वय आडवं आलं होतं, दुसरी संधी मिळणार नव्हती. नापास झाले तर उडणं बंद, बेट बंद. नाहा शहरातल्या कचेरीत खुर्ची आणि भाड्याची खोली.

म्हणून आदल्या संध्याकाळी हँगरमध्ये त्यांनी उजळणी केली. सोबत मेकॅनिक उएझू, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान, जिभेनं मोठा. जीपीएसच्या यंत्रात सरावाची सोय होती. विमान जागचं हलत नाही, पण पडद्यावर ते उडतंय असं दिसतं. उजळणी दहा मिनिटं झाली. मग दोघं पडद्यावरच गावभर हिंडायला लागले, कारण सैतोकूंनी यंत्रात स्वतःच्या खुणाही भरून ठेवल्या होत्या. एक मासे लागण्याची जागा, एक चांगल्या नूडल्सची, आणि एक नुसती ‘सासू’. उत्तरेकडून येताना सासूबाईंच्या लाल कौलांवर वळलं की धावपट्टी बरोबर नाकासमोर येई.

“नीनी, उद्याच्या आधी या खुणा पूस,” उएझू म्हणाला.

“बाकीच्या पुसतो. सासूला पुसायचं धाडस तुझ्यात असेल तर तू कर.”

पुसलं कुणीच नाही. शेवटी त्यांनी पडद्यावरचं विमान सासूबाईंकडे वळवलं आणि वीज बंद करून घरी गेले. त्या यंत्राची खोड अशी, की बंद केलं तरी उघडल्यावर आदला खेळ तसाच पुढे चालू.

सकाळी परीक्षक मिझुहारा-सान आल्या. तोक्योच्या, मितभाषी, मुलीच्या वयाच्या. हँगरच्या दाराशी, आतच उभ्या विमानात त्या शेजारी बसल्या. सैतोकूंनी घसा साफ केला, बोट उचललं.

“तारीख, ठीक. उपग्रह, ठीक. जागा, ठीक. वेग शून्य, ठीक.”

मिझुहारा-साननी शांतपणे पट्टा आवळला.

“पट्टा आत्ताच कशाला, मॅडम? अजून इंजिनही सुरू नाही.”

“मोटारीला लाजवेल अशा वेगात आहोत आपण, कॅप्टन. बघा ना पडद्यावर. चार मिनिटांत पोचतोय.” त्या जरा वाकल्या. “सासूकडे. ही कुणाची?”

“माझी,” सैतोकू म्हणाले.

बाहेर पंखापाशी उभ्या उएझूला अचानक टायर तपासायची आठवण झाली आणि तो खाली वाकून दिसेनासा झाला.

“पुन्हा एकदा लावा,” त्या म्हणाल्या. “या वेळी मी कान बंद ठेवते. तुमचे डोळे बघते.”

सैतोकूंनी सरावाचा खेळ बंद केला, यंत्र नव्यानं उघडलं. आता बोट राजाचं राहिलं नव्हतं. ते तारखेपाशी गेलं, थांबलं, त्यांनी तारीख वाचली, मग म्हणाले, “ठीक.” बोट उपग्रहांकडे गेलं. ‘ठीक’ जिभेच्या टोकावर आलंच होतं. त्यांनी ओठ मिटले.

नाहातली ती खोली डोळ्यांपुढे आली. इथे अडखळलो तर गेलंच सगळं.

“ठीक नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “उपग्रह पुरेसे मिळत नाहीत. डोक्यावर हँगरचा पत्रा आहे. विमान पुढे ढकलावं लागेल.”

“मग ढकला.”

उएझूला टायरमागून बाहेर यावंच लागलं. ढकलता ढकलता तो पुटपुटला, “इतकी वर्षं पत्र्याखालून ठीक म्हणत होतास, नीनी.”

“गप. जोर लाव.”

मोकळ्यावर उपग्रह एकेक करून मिळाले. सैतोकूंनी सगळं वाचून, मग म्हणून, सावकाश पुरं केलं. फेरी झाली. उतरल्यावर मिझुहारा-सान म्हणाल्या, “सुरुवातीलाच नापास केलं होतं मी तुम्हाला. ‘ठीक नाही’ म्हणालात म्हणून पास. पण महिनाभर दुसरा पायलट शेजारी बसेल, आणि प्रत्येक ‘ठीक’ तो तपासेल. चालेल?”

“चालेल,” सैतोकू म्हणाले आणि कमरेत वाकले, जरा जास्तच.

त्यांनी घरी फोन लावला. पास झाल्याचं बायको हात्सुएला सांगितलं.

“अगं, पास झालो म्हणतोय. ऐकलंस का?”

“ऐकलं. म्हणजे नाहाला जात नाहीस?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “तुझ्या खोलीत शिवणाचं मशीन नेऊन ठेवलंय. येताना उएझूला घेऊन ये, परत हलवायला हवं, जड आहे ते.”