एकच पात्र आणावे

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मला पुढचं सांगवत न्हाई.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. मी शाळामास्तर, सुट्टीमुळं रिकामा. दर रविवारी आम्ही चार मित्र माझ्या घरी एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. पुढं काय होतं ते फासे टाकून ठरायचं. गोष्ट रचणारा मी. त्या खेपेला चांगली दोन महिने पुरंल अशी मोहीम रचली होती. कोरडं पडलेलं गाव, एकच विहीर, आणि तिच्यावर ठाण मांडून बसलेला राक्षस.

अडलं ते नियमांच्या पुस्तकांवर. या खेळाचं एक मूळ पुस्तक असतं आणि त्यावर पुरवण्यांचा ढीग. आमचा नितीन पुण्याला गेला की पिशवी भरून पुरवण्या आणायचा. एकीत पाऊस पाडायचा मंत्र, दुसरीत विहीर खणणारा जादूचा बैल. आता असला बैल आल्यावर माझ्या राक्षसानं करायचं काय? पंधरा दिवस आमचं भांडण. फोनवर एक ओळ लिहिली की नितीनचं पानभर उत्तर. शेवटी वैतागून मी कागदावर ठळक अक्षरात लिहिलं आणि फाटकावरच चिकटवलं:

‘रविवार, दुपारी चार. प्रत्येकाने एकच पात्र आणावे. फक्त मूळ पुस्तक चालेल. पुरवणी चालणार नाही. निर्णय माझा अंतिम.’

आता मला सांगा, गल्लीचा टँकर आमच्याच फाटकासमोर थांबतो आणि रविवारीच येतो, हे माझ्या ध्यानात यायला नको होतं?

रविवारी साडेतीनला बाहेर गलका. बघतो तर अख्खी गल्ली रांगेत. प्रत्येकाजवळ एकच भांडं, आणि हातात रेशनकार्ड. मूळ पुस्तक म्हणजे तेच, असं कुणीतरी ठरवून टाकलेलं. समोरच्या काशीबाई विचारत होत्या, सुनेचं नाव कार्डावर नंतर चढलंय, तर तिनं पाणी प्यायचं न्हाई काय. मागून कुणी म्हणत होतं, मास्तरला टँकरवर नेमलं तरी कुणी? आणि सगळ्यांत पुढं किराणा दुकानवाले चनप्पा. त्यांच्या शेजारी लग्नातली कढई, चौघांनी उचलून आणलेली.

“अप्पा, हे काय?”

“एकच हाय की. केवढं आणावं ते तुमी लिहिलं न्हाई.”

मी घाम पुसत खुलासा केला. पात्र म्हणजे भांडं न्हाई, पुस्तक म्हणजे रेशनकार्ड न्हाई, आम्ही नुसता खेळ खेळतोय. मग काशीबाईंनी शांतपणे विचारलं, “म्हंजी मास्तर, तुमी या वयात राक्षस-राक्षस खेळता?”

अख्खी रांग हसली आणि त्या हसण्यात सगळी कुरकुर जिरली. टँकर आला. रांग आयतीच लागलेली, त्यामुळं पहिल्यांदाच धक्काबुक्की न होता पाणी मिळालं. चनप्पांनी कढई भरून घेतली, तिच्यातून काशीबाईंना आणि मागच्या दोन-तीन घरांना घागरी भरून दिल्या, आणि मग सरळ आमच्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, मला बी घ्या.

मी त्यांना गोष्टीतला दुकानदार केलं. चष्मा लावून त्यांनी मूळ पुस्तक चाळलं. विहिरीपाशी पोचल्यावर नितीननं तलवार उपसली, तर अप्पांनी त्याला हातानंच थांबवलं.

“मास्तर, राक्षस एकटाच राहतो?”

“हो. शंभर वर्षं झाली.”

“मग त्याला जेवायला बोलवू नये, असं कुठं लिहिलंय का?”

मी पुस्तक पुढून मागं चाळलं, मागून पुढं चाळलं. कुठंच लिहिलं नव्हतं. अप्पांनी फासा टाकला, सहा पडले. राक्षस हात धुऊन गावात जेवायला गेला आणि विहीर मोकळी झाली.

दोन महिन्यांची मोहीम चहा निवायच्या आत संपली. अप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, “गोष्ट चांगली हाय, मास्तर. फक्त लई बारकी हाय.”