जिन्यावरचे मोबाईल

आमच्या तळघरातल्या बाजारात मोबाईलला रेंज नाही. ती जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते. त्या पायरीवर मी एकदा घड्याळजींकडे हॉटस्पॉट मागितला होता. "आज तुला, उद्या सगळ्या बाजाराला!" म्हणत त्यांनी फोन खिशात घातला. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच आहे, पण तो अपमान मी विसरले नाहीये.

हाच माणूस परवा माझ्या नाकदुऱ्या काढत उभा! वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ घड्याळजींनी स्वतःकडे आणलं आणि आणतानाच बंद पाडलं, म्हणून त्यांच्या ताईने सहा वर्षं अबोला धरला होता. ते चालू झालं तरच बोलेन, असं बजावलं होतं. आता ते चालू झालं होतं आणि दूरदेशी राहणाऱ्या ताई चार वाजता व्हिडिओवर ठोके ऐकणार होत्या.

"मग घड्याळ वर न्या की," मी म्हणाले.

"हललं तर पुन्हा बंद पडेल गं!"

म्हणजे नेटलाच खाली आणायला हवं होतं. मी चावीवाल्याला वरच्या पायरीवर उभं केलं. त्याचा हॉटस्पॉट जिन्याच्या वळणावर न्हाव्याने घेतला, न्हाव्याचा खाली मी आणि माझा घड्याळजींनी. कुणी जागचं हलायचं नाही, असा दमच भरला. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी जिन्यावर आलं. वस्तरा न्हाव्याच्या हातात, बिचारं जाणार कुठे?

ताई दिसल्या, कपाळावर आठ्या घेऊनच. घड्याळाने चार ठोके दिले.

"दोन मिनिटं पुढे आहे," ताई म्हणाल्या.

न्हाव्याने कपाळावर हात मारला.

"बाबा ठेवायचे तेवढंच ठेवलंय," घड्याळजी हळूच म्हणाले.

पलीकडे एकदम शांतता. झालं, ऐन वेळी माशी शिंकली! "रेंज गेली का?" मी वर ओरडले.

"फुल्ल आहे!" चावीवाला.

मग ताईंचा आवाज आला, "जेवलास का रे?"

मला रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात हलवायचीही भीती. भावंडं तासभर बोलली. गिऱ्हाईकाच्या गालावरचा साबण वाळून गेला, तरी तेच आम्हाला गप्प करत होतं, "बोलू द्या हो त्यांना."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी स्टूल आणि भिंग घेऊन वरच्या पायरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "चालू ठेवलाय. बघ गं, तुझ्या दुकानापर्यंत पोचतो का."