पिवळ्या घंटीचं पान

फोनवर बोलायचं म्हटलं की मला आधी घसा साफ करावा लागतो. त्यापेक्षा मेसेज बरा, लिहिलेलं पुन्हा वाचता येतं आणि नको वाटलं तर पुसता येतं. ताईला हे माहीत आहे. म्हणून त्या दुपारी तिचा थेट फोन आला तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मला कळलं.

ताई आणि तिची पाच वर्षांची मुलगी जेवण करून आमच्या अंबडच्या घरून घनसावंगीला, ताईच्या सासरी, परत निघाल्या होत्या. जीपमध्ये भाचीला दोनदा उलटी झाली. काय खाल्लंस म्हणून विचारलं तर ती म्हणाली, मावशीच्या गल्लीतली पिवळी फुलं चोखली. ताई तिला घेऊन घरी न जाता सरळ दवाखान्यात गेली. तिथे डॉक्टरांनी विचारलं की कुठली पिवळी फुलं, आणि ताईला ते सांगता येईना.

आमच्या गल्लीत पिवळ्या फुलांची दोन झुडपं आहेत. एक आमच्या फाटकाशी, आईने लावलेलं. आई त्याला पिवळी घंटी म्हणते, माझ्या पुस्तकात ते टेकोमा स्टॅन्स आहे. दुसरं गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे. ती पिवळी कण्हेर, जिच्या बिट्ट्यांनी, म्हणजे कडक बियांनी, आईच्या पिढीतली मुलं खेळायची. कण्हेरीचं पान, फूल, चीक, बी सगळंच विषारी असतं आणि ते विष हृदयावर जातं. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते, त्यामुळे हे मला कुठेही न शोधता आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

माझ्या फोनमध्ये दोन्ही झुडपांचे फोटो होते. ते मी पाठवले. भाचीने दोन्ही फोटोंवर बोट ठेवलं. तिचं तरी काय चुकलं? दोन्ही फुलं पिवळी, दोन्ही खाली नळीसारखी आणि वर पाच पाकळ्यांत उघडलेली. एक झुडूप नीलमोहराच्या कुळातलं आणि दुसरं सदाफुलीच्या, एकमेकांशी जवळचं नातं नाही. पण फुलाकडे बघून ते कुणी सांगणार नाही. ते पान बघून सांगता येतं.

अनोळखी वनस्पती ओळखायला आम्ही जी पद्धत वापरतो तिच्यात प्रत्येक पायरीला दोनच पर्याय असतात. पानं समोरासमोर की एकाआड एक. चीक आहे की नाही. एक निवडायचा आणि पुढे जायचं. मला ही पद्धत पहिल्यापासून आवडते. "मग, काय चाललंय?" असं तिच्यात कुणी विचारत नाही.

ताईने फोन स्पीकरवर टाकला. तिच्या सासूबाई घरून तिथे येऊन पोचल्या होत्या. त्यांचा आवाज आधी आला.

"तुमच्या दारात जहर लावून ठेवलंय का गं माय?"

माझ्याजवळ उभी असलेली आई काहीतरी बोलणार होती, मी हातानेच तिला थांबवलं. मग भाचीला विचारलं, फूल तोडलं तेव्हा पांढरं दूध निघालं का? ती न्हाई म्हणाली. पण पाच वर्षांच्या घाबरलेल्या मुलीच्या एका नकारावर किती विसंबायचं? पुढचा प्रश्न पानाच्या कडेचा होता. कड साधी होती की करवतीसारखी, असं मी विचारलं. पुस्तकातल्या 'सेरेट' या इंग्रजी शब्दाला मला करवतीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"पोरीला करवत काय कळती?" सासूबाई म्हणाल्या. "बराबर इचार की."

मी बराबर विचारलं. एका काडीला एकच पान होतं की पुष्कळ पानं होती?

"पुष्कळ," भाची म्हणाली. "मी तोडले ते."

"कशाला तोडले?"

"पप्पा येणार, पप्पा न्हाई येणार, असं करून राह्यले व्हते."

तिचे पप्पा पुण्याला कंपनीत आहेत. त्या महिन्यात त्यांचं येणं दोनदा पुढे ढकललं गेलं होतं.

"मंग शेवटी काय आलं?"

"येणार."

"आणि दुसऱ्या काडीला?"

"येणार. समद्या काड्यांला येणारच आलं, मावशी."

मी फाटकाजवळच्या पायरीवर बसले. पिवळ्या घंटीचं एक पान म्हणजे एक काडी आणि तिच्यावर समोरासमोर लागलेल्या पानांच्या जोड्या. टोकाला मात्र एकच, जोडीशिवाय. कधी तीन, कधी पाच, कधी सात, पण नेहमी विषम. 'येणार'पासून सुरू केलं की शेवट 'येणार'वरच होतो. कण्हेरीचं पान सुटं, लांब, सुरीच्या पात्यासारखं, फांदीला एकेक लागलेलं. तिची पानं उपटूनही हा खेळ खेळता आला असता, पण तिथे कधी येणार आलं असतं, कधी नाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर देणारं झुडूप आमच्या गल्लीत एकच होतं.

"डॉक्टर," मी म्हणाले, घसा साफ न करता, "ती कण्हेर नाही."

नंतर फाटकामागे वाकून पाहिलं. उघड्या काड्या तिथेच पडल्या होत्या, बाजूला दातेरी कडांच्या पानांचा लहानसा ढीग आणि चोखून टाकलेली फुलं. त्यांचे फोटो पाठवले. गिरणीमागेही जाऊन आले. कण्हेरीभोवती कमरेइतकं गवत होतं, त्यात कुणी शिरल्याची खूण नव्हती. डॉक्टरांनी तरीही ईसीजी काढला आणि भाचीला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. ते मला बरंच वाटलं. सगळं ठीक निघालं. उलट्या जेवणात खाल्लेल्या आईच्या हातच्या धपाट्यांच्या आणि जीपच्या धक्क्यांच्या होत्या.

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः फोन केला. दुपारच्या बोलण्याचं त्यांनी नावही काढलं नाही. पुढच्या खेपेला त्या घंटीचं एखादं रोप पाठव म्हणाल्या. "बिट्टीचं नगं पाठवू पण," असं म्हणून हसल्या. मीही हसले, फोनवर.

भाचीचे पप्पा दवाखान्याचं ऐकल्याबरोबर पुण्याहून गाडीत बसले होते. सकाळी ते घनसावंगीच्या दारात दिसले तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं, एका भाचीला सोडून.

त्या काड्यांपैकी एक मी वाळवायला वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवली. वर्तमानपत्र घेण्याआधी आईने नेहमीप्रमाणे बाबासाहेबांचा फोटो असलेलं पान काढून वेगळं ठेवलं. नमुना म्हणून त्या काडीला काही किंमत नाही, तिच्यावर पान नाही की फूल नाही. तरी ती आहे.

महिनाभराने भाची आली आणि चपला काढायच्या आत फाटकाशी गेली. फुलं तोंडात घालायची नाहीत, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. पानांचं कारण मी तिला सांगितलेलं नाही. एवढंच सांगितलं की सुरुवात नेहमी 'येणार'पासून करायची.