दोनदा पाहिलेला सिनेमा

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. ती आता आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालते आहे, आणि मी इथे बसून हे तुम्हाला सांगतो आहे — तुम्हाला, ज्यांचा चेहराही मी पाहिलेला नाही. असं का? बहुतेक म्हणूनच. ओळखीच्या माणसापुढे सांगायला बसलो की मी मधेच कुठेतरी गोष्ट वळवतो. दोनदा-तीनदा तसं झालं आहे. तोंड उघडलं, आणि बाहेर वेगळंच काहीतरी आलं.

मी पुसदला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. आणि गेली बरीच वर्षं इथल्या एका छोट्या दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत नव्या सिनेमांवर लिहितो. वर छोटा फोटो, खाली नाव, शेवटी स्टार. बसस्टँडवर चहा प्यायला थांबलो की कुणीतरी विचारतंच, "सर, या हप्त्याचा कसा आहे? जाव का नाही जाव?" मी सांगतो. लोक ऐकतात. त्यात सुख असतं — खोटं कशाला बोलू, फार सुख असतं.

आता एक साधी अडचण ऐका. पुरवणी शुक्रवारी सकाळी निघते, म्हणजे पान गुरुवारी दुपारी लावावं लागतं. आणि सिनेमा लागतो शुक्रवारी बाराला. मग परीक्षण लिहायचं कसं? मुंबई-पुण्याच्या लोकांना आधी खास खेळ दाखवतात. पुसदला कोण दाखवणार? मी ट्रेलर बघायचो, गाणी ऐकायचो, नेटवर कोण काय म्हणतंय ते चाळायचो, आणि लिहायचो. 'पूर्वार्ध काहीसा रेंगाळतो, उत्तरार्ध पकड घेतो.' हे वाक्य कुठल्याही सिनेमाला बसतं. स्टार तीन. शनिवार-रविवारी वेळ मिळाला तर सिनेमा पाहायचो, नाही मिळाला तर नाही. पुरवणी सांभाळणाऱ्याला हे माहीत होतं. तो हसायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तुमी तं पोथी न वाचता कीर्तन करता." मीही हसायचो. मोठे सिनेमे होते, मोठे नट होते. माझ्या तीन स्टारनी त्यांचं काय बिघडणार होतं?

गजूचा सिनेमा मोठा नव्हता.

गजू माझा कॉलेजपासूनचा मित्र. महागावचा. लग्नांची शूटिंग करतो. तरुणपणी आम्ही दोघांनी शारदोत्सवात नाटकं केली — मी लिहायचो, तो बसवायचा. तेव्हापासून तो म्हणायचा, आपण एक सिनेमा करू, तू लिह्य. मी हो म्हणायचो. किती वर्षं हो म्हणालो? शेवटी त्याने विचारणं सोडलं आणि स्वतःच लिहिला. लग्नसराई संपली की कॅमेरा मोकळा व्हायचा, तेवढ्या दिवसांत थोडंथोडं शूट करत तीन वर्षं लावली. सगळी माणसं गावातली. सिनेमातली आई म्हणजे त्याची स्वतःचीच आई — शेवंताकाकू. सत्तरीच्या पुढच्या. गजू आठवीत असताना त्याचे वडील गेले, तेव्हापासून कपाळ मोकळं. आम्ही नाटकाच्या तालमी त्यांच्या ओसरीत करायचो आणि त्या आम्हाला वरून तेल घातलेलं गरम भात-वरण वाढायच्या. मला त्या मास्तर म्हणायच्या. मी मास्तर व्हायच्या आधीपासून.

सिनेमा पुसदच्या एका टॉकीजला लागायचा ठरला. एकाच. त्या सोमवारी गजू माझ्याकडे आला, शर्टाच्या खिशातून चिकटपट्टी लावलेल्या कव्हरातला पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"पहिले तू पाह्य, मंग लिह्य. तुह्या त्या मुंबईवाल्यासारखा खास खेळ समज," म्हणाला. आणि जाताना दारातून वळून, "खराब असंल तं खराब लिह्य. पण पाह्य."

सोमवार, मंगळवार, बुधवार — माझ्याकडे तीन दिवस होते. म्हणजे या वेळी ती अडचणही नव्हती. तरी मी पेनड्राइव्ह लावला नाही. पेपर तपासायचे होते, हे कारण मी स्वतःला दिलं होतं. खरं सांगू? भीती वाटत होती. सिनेमा वाईट निघेल याची नाही. चांगला निघेल याची. जे मी वीस वर्षं 'करू, करू' म्हणत राहिलो, ते माझ्याशिवाय झालेलं, नीट झालेलं, मला पाहायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी दोन मिनिटांचा ट्रेलर पाहिला. त्यात एक तुकडा होता — वरात, बँड, आणि वरातीपुढे हात वर करून नाचणाऱ्या शेवंताकाकू. पदर खांद्यावर आलेला. मागची माणसं हसताहेत. मी लिहायला बसलो. मित्राचा सिनेमा, तेव्हा कौतुक केलं तर लोक म्हणतील सरांनी ओळख जपली. निःपक्ष दिसलं पाहिजे ना? मी लिहिलं — 'कपाळ पांढरं झालेल्या म्हाताऱ्या आईला वरातीपुढे नाचवून हशा पिकवण्याची गरज दिग्दर्शकाला का भासावी? ग्रामीण विधवेच्या दुःखाची ही थट्टा वेदनादायी आहे.' वाक्य झालं तेव्हा मला ते आवडलं. मी ते मोठ्याने वाचूनही पाहिलं. स्टार दीड.

पुढचं फार भरभर झालं. शुक्रवारी पहिला खेळ सुरू व्हायच्या आतच माझ्या त्या दोन ओळींचा फोटो मोबाइलवर फिरायला लागला. कुणी वर लिहिलं, 'विधवा माउलीचा अपमान सहन करणार नाही.' शनिवारी काही लोक निवेदन घेऊन टॉकीजवर गेले. त्यांच्यातल्या कुणीच सिनेमा पाहिला नव्हता. हे मी कोणत्या तोंडाने सांगतो आहे, कळतंय मला. टॉकीजचा मालक साधा माणूस. त्याने खुर्च्या वाचवल्या. रविवारी पोस्टर उतरलं. तीन वर्षांचा सिनेमा दोन दिवस चालला.

त्याच रविवारी दुपारी इथल्या एका यूट्यूब चॅनलने चर्चा ठेवली. गजू, मी, निवेदन देणाऱ्यांपैकी एकजण, आणि प्रश्न विचारणारी एक चुणचुणीत मुलगी. गजू सुरुवातीला तावातावाने बोलत होता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता — ज्यानं पुरा पाह्यला तो असं म्हणूच शकत नाही, एक माणूस दाखवा मले, ज्यानं पुरा पाहून असं म्हटलं. तेव्हा ती मुलगी माझ्याकडे वळली. "सर, काही लोक म्हणून राह्यले, तुम्ही पिक्चर न पाहताच लिहिलं. खरं आहे काय?"

तुम्ही काय केलं असतं? नाही, हा प्रश्न मी मागे घेतो. मी काय केलं ते सांगायचं आहे.

"दोनदा पाहिला," मी म्हणालो. "एकदा समीक्षक म्हणून, एकदा मित्र म्हणून."

आधी ठरवलेलं नव्हतं ते. आपोआप आलं, आणि इतकं घोटीव आलं की त्या मुलीने मान डोलावली. गजूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याचे हात मांडीवर आले, आणि तो हळू आवाजात म्हणाला, "त्यानं पाह्यला असंल... तं मंग ठीक आहे. तो समजदार माणूस आहे. माह्यंच काई चुकलं असंल."

चार दिवसांनी तो माझ्या घरी आला. बसला. बायकोने चहा आणला, त्याने माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी केली, चहा संपवला. ती आत गेल्यावर म्हणाला, "तो पेनड्राइव्ह दे. महागावच्या एका पार्टीचं लग्न आहे त्यात. ते लोक डोकं खाऊन राह्यले माह्यं." मला कळेना. तेव्हा त्याने खिशातून दुसरा काढून टेबलावर ठेवला. "दोन्ही सारखेच दिसते. मी घाईत तुले लग्नाचा देल्ला. सिनेमा ह्यात आहे."

मी त्याचा पेनड्राइव्ह शोधून दिला. कव्हरची चिकटपट्टीसुद्धा मी काढलेली नव्हती. त्याने ती पाहिली, अंगठ्याने जरा चाचपली, आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला. 'येतो' म्हणाला. शिवी दिली असती तर मी काहीतरी उत्तर तरी दिलं असतं.

त्या संध्याकाळी मी सिनेमा पाहिला.

काय सांगू? सिनेमातल्या आईला रीतीप्रमाणे मुलाच्या वरातीत मागे ठेवतात. हळदीला दूर, ओवाळायला दूर. ती ओसरीच्या खांबाला टेकून बँड ऐकत असते. नवरदेव घोड्यावरून उतरतो, सगळ्यांना बाजूला सारून येतो आणि तिचा हात धरून तिला पुढे नेतो. ती आधी लाजते. मग दोन पावलं, चार पावलं — आणि मग तिला थांबताच येत नाही. मागची माणसं हसतात, पण ते हसू वेगळं आहे. त्यांच्यातल्या काहींचे डोळे भरलेले दिसतात. मी एवढी वर्षं सिनेमावर लिहितो आहे, असं फार थोडं पाहिलं आहे. सगळ्या सिनेमाचा जीव त्याच तुकड्यात होता, आणि मी नेमका तोच वेचून मारला होता.

पुढच्या गुरुवारी माझ्याकडे पान होतं. चार ओळी पुरल्या असत्या. मी एका हिंदी सिनेमावर लिहिलं, मारामारीच्या, आणि त्याला तीन स्टार दिले.

इथे थांबलो असतो तर ती अर्धीच कबुली झाली असती. खरं पुढे आहे.

दोनेक महिन्यांनी मी परीक्षेच्या कामासाठी महागावला गेलो होतो. गजू बाहेरगावी होता, म्हणूनच त्याच्या गल्लीतून जायची हिंमत झाली. शेवंताकाकू ओसरीत सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं. गावात त्यांना 'नाचणारी बुढी' म्हणतात, हे माझ्या कानावर आलं होतं. भजनाला जाणं त्यांनी बंद केलं होतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मास्तर, एक इचारू का? गजू म्हन्ते, तुमी पाह्यलाच नाई. मी त्याले लय रागावली. म्हटलं, लिवनारा मानूस खोटं कायले बोलन? तुमी पाह्यला ना?"

आता ऐका. तोपर्यंत मी पाहिला होता.

"पाहिला, काकू," मी म्हणालो.

बघा, शब्दाला शब्द लावला तर ते खोटं नव्हतं. त्या क्षणी मला तेवढ्याचा आधार वाटला, अगदी हुशारी वाटली. त्यांनी मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. "मंग बराबर आहे. गजूनं मले चार पावलं नाचाले सांगतलं होतं, मास्तर. मी जास्त नाचली. बँड वाजला न् माह्ये पायच ऐकेना. तुमाले ते खराब दिसलं असंन." आणि मग, सुपाकडे पाहत, "पोराचं तीन सालाचं काम मी बुडवलं."

मी काय बोललो? म्हणालो, "तसं काही नाही काकू, तुम्ही काम चांगलं केलं." पाणी संपवलं. तांब्या खाली ठेवला. त्यांचा पोरगा खरं बोलला होता आणि त्या माझ्या शब्दाखातर त्याला खोटा ठरवत होत्या — आणि मी चप्पल घालून निघालो. एक वाक्य होतं. गजू खरं सांगतो. तीन शब्द. ओसरीपासून रस्त्यापर्यंत मी ते जिभेवर घोळवत गेलो, आणि मग परीक्षा केंद्रावर जाऊन उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले.

गेल्या वर्षी गजूच्या मुलीचं लग्न झालं. त्याने मला पत्रिका दिली, का दिली मला आजही कळत नाही, आणि मी गेलो. वरात दारात आली, बँड लागला. नवरीच्या मैत्रिणी काकूंना न्यायला आत आल्या, "चाल ना आजी, चाल," करत दोघींनी हात ओढले. काकूंनी खाटेची कड घट्ट धरली. हसत होत्या, पण कड सोडत नव्हत्या. "नाई वं माय," म्हणाल्या, "माह्याच्यानं थांबनं होत नाही." मी खोलीच्या दारातच उभा होतो. त्यांनी मला पाहिलं, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला — माझ्या समोर, माझ्यासाठी.

या उन्हाळ्यात काकू गेल्या. गजूने पुन्हा सिनेमा केला नाही, लग्नं करतो. मी अजून गुरुवारी लिहितो. त्या दोन ओळी त्या पानावर जशाच्या तशा आहेत, त्यांच्याखाली माझं नाव आहे, आणि काकूंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की चूक त्यांच्या पायांची होती.