कोरडा मोजा

अगं कविता, ऐक जरा. चार महिने झाले आईकडे येऊन. फोनवर नुसतं "येते गं" म्हणतेस, लाज वाटू दे जरा.

आज घामोळ्यांसाठी पावडरचा डबा उघडला, आणि त्या वासाने बारा वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली. लहान मुलांना कृत्रिम पाय मिळावेत म्हणून पैसे जमवायला तुम्ही सहा अपंग पोरंपोरी सायकलवर अंबरनाथहून माळशेज घाटाकडे निघाला होतात. तुझ्या कृत्रिम पायाच्या आत मोजा कोरडाच लागतो, नाहीतर गुडघ्याखालचं कातडं सोलतं. म्हणून घाटाच्या भीतीने कोरडा मोजा मी लपवला, म्हटलं आता कशी जाते बघू. तू दोरीवरचा ओला ओढलास आणि गेलीस.

मग मला राहवेना. रिक्षा करून बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या वळणावर जाऊन उभी राहिले. पाच सायकली गेल्या, तुझा पत्ता नाही.

शेवटी आलीस, ओठ आवळून. कट्ट्यावर बसून पाय काढलास, कातडं लालबुंद. मी पावडर लावली, पिशवीतून मोजा काढला.

"हा कुठे होता?"

"माझ्याकडेच. तू जाऊ नयेस म्हणून."

"मग आता आणलास कशाला?"

मी मोजा तुझ्या हातात दिला. "घरी जा, ऊन लागेल तुला," म्हणालीस आणि निघालीस.

तेव्हा वाटलं, रागावलीस. पण पुढच्या वळणावर तू मान वळवून बघितलंस, ते मी उन्हातून हलले का हे पाहायला, हे मला आता उमगतंय.

मागच्या वेळी विसरलेले तुझे मोजे उन्हात कडक वाळवलेत, लपवलेले नाहीत. रविवारी येऊन घेऊन जा.